पहिल्यांदा कोण म्हणालं

२३ जून २००३, सोमवार

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. ह्यांना सातवी ब. येत्या मे महिन्यात निवृत्ती, म्हणून शेवटचा वर्ग जरा बरा देतील असं ह्यांना वाटत होतं. "मोजून साठ दिले. निरोप समारंभाला गर्दी हवी ना."

जेवताना नेहमीप्रमाणे वर्गाची ओळखपरेड. कोण कसा बसतो, कोण कसा नाक ओढतो, सगळं नकलेसकट. दर जूनला हेच. आठ-दहा मुलांची टोपणनावं आमच्या ताटांवरच ठरतात आणि मग दहावीपर्यंत त्यांना चिकटतात.

एक मुलगी नवीन. प्रणाली. चंद्रपूरकडची. वडील विश्रांतवाडीत खोली घेऊन राहतात, एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. पहिल्याच दिवशी "मले नाही समजलं, सर" म्हणाली आणि वर्ग हसला. तेव्हापासून काही विचारलं की उभी राहते, छताकडे बघते, मिनिटभर काही नाही. मग एक वाक्य. शुद्ध, आणि उत्तर बरोबर. हे म्हणाले, "तोवर मी आणखी दोघांना विचारून मोकळा होतो."

मी म्हटलं, "म्हणजे ट्रंक कॉल. नंबर लावून बसायचं, लागेल तेव्हा चंद्रपूर बोलेल."

ह्यांना इतकं आवडलं की ताक सांडलं. "अगं, तू शिक्षिका व्हायला हवी होतीस."

मॅट्रिकनंतर शिकू दिलं असतं तर झालेही असते. असो. जपाची माळ पूर्ण.

२५ जून, बुधवार

ह्यांनी वर्गात ट्रंक कॉल समजावून सांगितला. आताच्या मुलांना कुठला माहीत, जो तो मोबाइल घेऊन फिरतो. डावा हात कानाशी धरून "हॅलो, हॅलो, चंद्रपूर? आवाज येतोय का?" करून दाखवलं. वर्ग लोळला म्हणे. "ती पण हसली."

माझा विनोद साठ जणांना आवडला. दिवसभर बरं वाटत होतं.

१० जुलै, गुरुवार. आषाढी एकादशी

चातुर्मासाचा नेम धरला. मागच्या वर्षी वांगं सोडलं होतं, पण वांगं मला मुळातच आवडत नाही, तेव्हा त्यात काही राम नव्हता. यंदा मौनानं जेवायचं. पान वाढल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द नाही. कार्तिकीपर्यंत.

हे म्हणाले, "चार महिने? देवानं माझं कधी ऐकलं ते कळलंच नाही."

१५ जुलै, मंगळवार

मौन वाटलं तेवढं सोपं नाही. वाक्य तोंडाशी येतं, ते घासाबरोबर खाली ढकलायचं. हात धुऊन बोलायला जावं तर त्याची चव गेलेली असते.

हे बोलतात, मी ऐकते. आज म्हणाले, आता सगळी शाळाच तिला ट्रंक कॉल म्हणते. आठवीचेसुद्धा. नळावर पाणी प्यायला वाकली की चार जण दोन्ही बाजूंनी हात कानाशी धरतात. "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" हसत सांगत होते.

हसणं मौनात चालतं की नाही, विचारायला हवं. मी हसले नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

संस्थेनं सगळ्या शिक्षकांना दोन शनिवारचं प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे. विषय, शाळेत मुलं एकमेकांना छळतात ते कसं ओळखायचं आणि कसं थांबवायचं. हे सकाळी निघताना म्हणाले, "आमच्या वेळी याला शाळा म्हणायचे."

शिकवायला बाहेरच्या बाई. तिशीच्या. "माझी नोकरी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे." बाईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. लहानपणी तुम्हाला जे नाव पाडलं होतं ते लिहा, घडी घाला, खिशात ठेवा. कोणाला दाखवायचं नाही, वाचायचं नाही. बस्स. मग चहा.

"एवढ्यासाठी शनिवार," हे म्हणाले.

३ ऑगस्ट, रविवार

कपडे भिजवायच्या आधी मी खिसे बघते. मागे एकदा बसचा पास भिजला होता. आज शर्टाच्या खिशात ती चिठ्ठी. दोन शब्द.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. सासरच्या सगळ्यांच्या तोंडून ह्यांच्या लहानपणाच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या. हे कधी कोणी बोललं नाही, ह्यांनीही नाही.

इथे लिहीत नाही.

चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली. संध्याकाळी ह्यांनी डबी उघडली, बघितलं, मिटली. मी गवार मोडत होते.

९ ऑगस्ट, शनिवार

दुसरा शनिवार. शाळेचा नकाशा काढायला लावला. जिथे मुलांना त्रास होतो तिथे लाल ठिपका. नळ, जिना, मागचं गेट, सायकल स्टँड. सगळ्यांचे नकाशे सारखे. बाईंनी विचारलं, "वर्गात एकही ठिपका नाही?" पी.टी.चे सर म्हणाले, "वर्गात आम्ही असतो ना." बाई म्हणाल्या, "म्हणूनच विचारते."

हे सगळं जेवताना ऐकलं. हात धुऊन विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार. चहा आला."

एक छापील कागद दिला आहे, तो कॅलेंडरच्या खिळ्याला लावला. त्रास झालेल्या मुलाला वर्गासमोर उभं करू नका. दोघांना बळेच हात मिळवायला लावू नका. एकट्याशी बोला. त्याला काय हवं ते विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. पुढे कित्येक आठवडे लक्ष असू द्या. सोपं लिहिलं आहे, मला सगळं समजलं.

शिवाय प्रत्येकानं एक वही ठेवायची. घरात हिशेबाची वही मी आखते, म्हणून हेही माझ्याकडे आलं. मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं काढून शिवली आणि रकाने पाडले. तारीख. जागा. कोणाला. कोणी. बघत कोण होतं. मी काय केलं. आणि शेवटचा, चिडवायचं नाव असेल तर ते पहिल्यांदा कोण म्हणालं.

शेवटचा अरुंद ठेवला. एका नावापुरता.

११ ऑगस्ट, सोमवार

हे खुशीत आले. वर्गात जाहीर करून टाकलं म्हणे. प्रणालीला उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून हिला कोणीही ट्रंक कॉल म्हणणार नाही. जो म्हणेल त्याच्या वडिलांना मी इथे बोलावीन." वर्ग एकदम चिडीचूप.

माझ्या तोंडात घास. कॅलेंडर समोरच होतं. हात धुऊन आले आणि म्हटलं, "अहो, पहिलीच ओळ."

"कसली?"

"वर्गासमोर उभं करू नका."

हे कागदाजवळ गेले, चष्मा लावून वाचलं. "मग काय साठ जणांना एकेकटं गाठून सांगू?"

मी भांडी आवरायला घेतली.

२० ऑगस्ट, बुधवार

आता कोणी ट्रंक कॉल म्हणत नाही. नुसता हात कानाशी नेतात. आवाजच नाही, त्यामुळे धरताही येत नाही. ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही त्या दिवसापासून गेलं, अ तुकडीतून मुलं बघायला येतात.

आज प्रार्थनेच्या वेळी हे पुढे उभे होते. ती ओळीत मधे. तिच्या मागची सगळी ओळ, डोळे मिटलेले, प्रार्थना चालू, आणि डावा हात कानाशी.

"डावा हात, कोपर बाहेर," हे म्हणाले. "असा मीच धरतो."

नंतर जेवले नीट. पण नक्कल कोणाचीच केली नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

आपला गणपती दीड दिवसाचा, आज विसर्जन. सकाळी मिलिंद आला दर्शनाला. ह्यांचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, आता मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत आहे, मध्ये दोन वर्षं अमेरिकेत होता. दर गणपतीत येतो. गृहपाठ कुठे विचारलं की "उद्या, सर" म्हणायचा, म्हणून ह्यांनी त्याचं नाव उद्या ठेवलं. दरवर्षी दारातूनच ओरडतो, "सर, उद्या आलाय!"

यंदा बायको आणि छोटी मुलगी बरोबर. दारातच घाईघाईनं म्हणाला, "सर, मी मिलिंद. मिलिंद कुलकर्णी." जणू आम्ही ओळखत नाही. हे आतून, "अरे, उद्या! ये ये."

बायकोनं विचारलं, "उद्या म्हणजे?"

"काही नाही गं. शाळेतलं."

ती मोदक खात होती तेव्हा तो ताटली ठेवायला स्वयंपाकघरात आला. मी विचारलं, "मिलिंद, तुला ते नाव आवडायचं ना रे?"

"आता हसतो की, काकू."

"तेव्हा?"

"तेव्हा..." नळ सोडून ताटली धुवायला लागला. पाहुण्यानं ताटली धुवायची नसते, पण मी धुवू दिली.

ते गेल्यावर हे म्हणाले, "यंदा जरा गप्पगप्प होता." मी म्हटलं, "बायको बरोबर होती."

विसर्जन पाचला. बादलीतच केलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बुधवारी मधल्या सुट्टीत कोणीतरी तक्त्याच्या जाड कागदाची नळी करून प्रणालीच्या कानाला लावली आणि आत जोरात "हॅलो" ओरडलं. ती उरलेले तीन तास वर्गात बसली, कोणाला बोलली नाही. घरी आईनं उजव्या बाजूनं हाक मारली तर वळेना, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी पडद्याला सूज सांगितली आहे, उतरेल म्हणाले.

गुरुवारपासून शाळेत नाही.

कोणी केलं ते कोणी सांगत नाही. तीस-चाळीस मुलं होती तिथे. ह्यांनी वहीतले सगळे रकाने नीट भरले. शेवटचा कोरा.

२२ सप्टेंबर, सोमवार

तिचे वडील शाळेत आले होते. ड्यूटीवरून थेट, युनिफॉर्ममध्ये. हे म्हणाले, भांडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसले नाहीत. "सर, तिचा दाखला देऊन टाका. गावाकडं आजीजवळ ठेवतो तिले."

"तिथे शाळा आहे?"

"सातवीपर्यंत हाय."

"आणि पुढे?"

"सात किलोमीटरवर. मग बघू."

हे मला म्हणाले, "मग बघू म्हणजे काय ते छत्तीस वर्षांत मला चांगलं कळलंय. मुलींच्या बाबतीत तर फारच."

दाखल्याचा फॉर्म वर्गशिक्षकानं भरायचा असतो. तो घरी घेऊन आले आहेत. अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचे कारण, इथे थांबले. वडील म्हणाले होते, गावी जात आहे असं लिहा.

फॉर्म टेबलाच्या खणात ठेवला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी वहीत नवीन पानं शिवायला काढली तेव्हा बघितलं. शेवटचा रकाना भरला आहे. "मी."

ही डायरी मागे उलटून बघितली. २३ जून. माझंच अक्षर, ताक सांडल्यासकट. हिशेबात चूक सापडली की मला चैन पडत नाही. इथे चूक नव्हती, सगळं बरोबर लिहिलेलं होतं. तीन महिने.

संध्याकाळी जेवताना बोलता येईना. हात धुतल्या धुतल्या म्हटलं, "अहो, ते माझं होतं."

"काय?"

"ट्रंक कॉल."

"मला माहीत आहे. मी काय विसरलो?"

"मग त्या रकान्यात माझं नाव हवं."

"तू सातवी ब ला शिकवतेस का?"

"नाही."

"मग? तू घरात बोललीस. साठ जणांपुढे मी नेलं. हातवारे माझे."

"पण वाक्य माझं."

"बरं. अर्धं अर्धं वाटून घेऊ. पोळ्या आहेत का?"

विनोद होता. आम्ही दोघंही हसलो नाही. मी वही घेतली आणि "मी"च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, "आणि घरून." मावलं कसंबसं. ह्यांनी बघितलं, खोडलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

प्रशिक्षणाच्या बाई शाळेत वह्या बघायला आल्या होत्या. बऱ्याच जणांच्या कोऱ्या. ह्यांची बघून थांबल्या. "सर, घरून म्हणजे?" ह्यांनी सांगितलं सगळं. हे कोणाला असं सांगतील हे मला खरं वाटलं नाही, म्हणून दोनदा विचारलं.

बाई म्हणाल्या, "मग दोघं जा. वर्गात आता काही बोलू नका. तिच्या घरी जा, पण आधी विचारून. आणि शाळेत ये असं म्हणू नका, सर. तिला काय हवंय ते विचारा."

ज्या बाईंचं वय ह्यांच्या नोकरीपेक्षा कमी, त्यांना हे "बरं" म्हणून आले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सांगितलं आहे की दाखला अडवता येत नाही. आता सहामाही परीक्षा, मग दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद, तेवढाच उशीर. शाळा उघडली की द्यायचा.

२२ ऑक्टोबर, बुधवार

फराळ केला. चकली बिघडली, तेल जास्त पितेय.

प्रणालीच्या घरी फोन नाही. शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर शाळेच्या रजिस्टरात होता. हे "तू कर" म्हणाले. दुकानदार म्हणाला, "थांबा, पोराला पाठवतो बोलवायला." रिसीव्हर कानाशी धरून उभी. मागे रेडिओ, कोणीतरी साबण मागत होतं. सात-आठ मिनिटं. मग आई आली, धापा टाकत. "हॅलो, कोण?"

मी कोण ते सांगितलं. बराच वेळ काही नाही. मला वाटलं कट झाला.

"या," म्हणाली. "पण तिले काही बोलू नका."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

विश्रांतवाडीला गेलो. बसनं. ह्यांना स्कूटर काढायची होती, मी म्हटलं बसनं जाऊ.

गल्लीत तिसरी खोली. दार नुसतं लोटलेलं. आतून एका मुलीचा आवाज, सरळ धबधबा. "थे कायले घेतलं तू? मायं होय थे! ठेव म्हटलं ना! सकाळपासून सांगून राहिली मी, ऐकतच नाही, आता मायजवळ सांगतोच थांब..." धाकट्या बहिणीशी भांडण. श्वास घ्यायलासुद्धा थांबत नव्हती.

हे पायरीवर थबकले. मी कडी वाजवायला हात पुढे केला तर माझा हात धरला. रस्त्यात ह्यांनी माझा हात कधी धरलेला नाही.

"ही ती?" हळूच म्हणाले.

कडी वाजवली. आवाज तोडल्यासारखा बंद.

भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली उदबत्ती. मी हात जोडले. आईनं चहा टाकला, फराळाचा डबा घेतला, न उघडता फळीवर ठेवला. प्रणाली कोपऱ्यात, डावा कान आमच्याकडे करून बसली. किती लहान आहे. मी मनात कोण धरली होती कोण जाणे, मोठी, संथ, जाड भिंगांची. ही चुणचुणीत, दोन वेण्या.

हे म्हणाले, "प्रणाली, मी चुकलो. ते नाव मी वर्गात न्यायला नको होतं."

मी म्हटलं, "आणि ते आधी मी म्हणाले होते. तुला न बघता."

तिनं माझ्याकडे बघितलं. एवढंच.

आई म्हणाली, "तुम्ही पहिल्या दिवशी तो जोक केला ना, सर, तर ही घरी येऊन खूश. सरनं माह्यावर जोक केला म्हणे, म्हणजे सरले मी लक्षात राहिली." चहात साखर ढवळत होती. "घरी तर तोंड बंदच होत नाही हिचं. पण शाळेत, आधी मनातल्या मनात तुमच्यासारखं करून घेते म्हणते, मग बोलते. पुन्हा हसू नये कोणी म्हणून. त्याले वेळ लागते."

चहा प्यायलो. निघालो. ह्यांनी स्टॉपवर उभं राहून दोन बस सोडल्या. तिसरीत बसल्यावर म्हणाले, "छत्तीस वर्षं मी मराठी शिकवतो."

४ नोव्हेंबर, मंगळवार. कार्तिकी एकादशी

नेम संपतो आहे, उद्या पारण्याला सुटेल. मौनाच्या नेमाला शेवटी घंटा द्यायची असते. पितळेची लहान आणली. दत्ताच्या देवळात पुजाऱ्यांनी ती हलवून बघितली आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे."

५ नोव्हेंबर, बुधवार

आता जेवताना बोलायला मोकळी. दोघंही काही बोललो नाही. वरणाला फोडणी बरी झाली होती, ते ह्यांनी हात धुतल्यावर सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

उद्या शाळा उघडते. पुन्हा विश्रांतवाडी. आज वडील घरी होते, साप्ताहिक सुट्टी. कान बरा आहे म्हणाले, डॉक्टरांनी बघितला.

ह्यांनी दाखल्याचा फॉर्म बरोबर आणला होता. भरलेला. कारणाची ओळ तेवढी कोरी. तो वडिलांसमोर ठेवला. "उद्या तुम्ही म्हणाल तर मी सही करून देईन, अडवणार नाही. पण त्याआधी हिला एक विचारतो." मग तिच्याकडे वळून, खाली सतरंजीवर बसले. गुडघे दुखतात, तरी. "प्रणाली, तुला काय हवंय?"

ती छताकडे बघायला लागली.

कुकरची शिट्टी झाली. आईनं उठून गॅस बारीक केला. धाकटी बहीण मधेच "तिले..." म्हणाली, तिला वडिलांनी नजरेनं गप्प केलं. मला तीन वाक्यं सुचली, तिन्ही चांगली, तिन्ही गिळली. सवय झाली आहे. ह्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, बघितलं नाही. वर्गात एवढ्या वेळात आणखी दोघांना विचारून झालं असतं.

दुसरी शिट्टी.

"मले उद्यापर्यंत विचार करू द्या," ती म्हणाली. एका दमात, जसं आलं तसं.

"बरं," हे म्हणाले.

आम्ही उठलो. दाराशी आलो तेव्हा मागून पुन्हा, "सर."

हे वळले.

"आली तरी वर्गात काही सांगू नका."

"नाही सांगणार."

"मी आली म्हणूनबी नका सांगू."

"नाही."

घरचा जिना चढताना हे म्हणाले, "दोन शनिवारांत आम्हाला जे शिकवलं, ते हिला आधीच येतं."

१७ नोव्हेंबर, सोमवार. दु. एक

हे साडेदहाला गेले. फॉर्म खिशात, पेन खिशात. डब्यात पोळी, बटाट्याची भाजी. पहिला तास सातवी ब, मराठी.

शाळेच्या ऑफिसात फोन आहे, नंबर भिंतीवर लिहिलेला आहे. लावला तर दोन मिनिटांत कळेल. शिपाई वर्गात जाऊन बघून येईल, मोठ्यानं विचारेल, प्रणाली आली आहे का, सरांच्या घरून फोन आहे.

लावला नाही.

माळ घेऊन बसले आहे. हे साडेपाचला येतील.